मांजरीचीं सात घरें

ज्या इमारतीला अंधारा जिना आहे आणि जींत लहान मुलें आहेत, तेथें वर्षांतून एकदां तरी एक बातमी धांवत येतेच: जिन्याखालीं मांजर व्यालें! बातमी आणणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत त्या वेळीं जें तेज असतें तें दिवाळीच्या पहाटेसही नसतें. मोठीं माणसें मात्र ती ऐकून एकमेकांकडे पाहतात. कोणी म्हणतें, असूं द्या, चार दिवसांनीं आपोआप नेईल. कोणी म्हणतें, पोत्यांत घालून मंडईपाशीं सोडून या. कोणी निमूटपणें वाटींत दूध ओततें. आणि बहुतेक सारे, हें दुसऱ्या कोणाचें तरी काम आहे असें मनाशीं ठरवून आपापलें दार लावून घेतात. या एवढ्याशा प्रसंगांत एक नीतिशास्त्रीय प्रश्न दडलेला आहे, व तो दिसतो तितका क्षुद्र नाहीं, असें आम्हांस गेल्या कांहीं वर्षांच्या अनुभवावरून वाटूं लागलें आहे. एक जीव जन्मला. तो आपण जन्मास घातला नाहीं. त्याला आई आहे, पण त्या आईला घर नाहीं. अशा जीवाचें आपण कांहीं देणें लागतों काय, आणि लागत असूं तर तें कोणीं, किती व कोणत्या रीतीनें फेडावयाचें, हा तो प्रश्न होय. मांजराच्या पिलांवर निबंध म्हणजे विषयांचें दुर्भिक्ष, असा शेरा कोणी विद्वान् मारतील हें आम्ही जाणून आहों. त्यांना इतकीच विनंति कीं, शेरा मारण्यापूर्वीं त्यांनीं एकदां आपल्याच इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागें डोकावून यावें.

प्रथम वस्तुस्थिति. मांजराची वीण दिवसाच्या लांबीशीं बांधलेली असते. दिवस वाढूं लागला म्हणजे मादी माजावर येते. म्हणून युरोप-अमेरिकेसारख्या थंड मुलुखांत वसंतापासून शरदापर्यंत पिलांचा सुकाळ असतो, आणि तेथील प्राण्यांचीं आश्रयगृहें त्या काळास पिलांचा हंगाम म्हणूनच ओळखतात. विषुववृत्ताकडे सरकावें तसतसा हा हंगाम पसरट होत जातो. आपल्याकडे मांजर कोणत्याही महिन्यांत वितें. तरी आमच्या पाहण्यांत सर्वांत मोठी गर्दी होळीपासून गणपतीपर्यंत असते, आणि तिचा उत्तरार्ध नेमका पावसांत सांपडतो. गर्भ सुमारें 63 ते 65 दिवसांचा. जन्मतांना पिलाचें वजन 100 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मुठींत मावेल इतकें. डोळे मिटलेले, कान बंद, अंगाची ऊब स्वतः राखण्याची शक्ति नाहीं, इतकेंच नव्हे तर आईनें चाटल्यावांचून मलमूत्रविसर्जनही होत नाहीं. आठदहा दिवसांनीं डोळे उघडतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास तें दुधाखेरीज दुसऱ्या अन्नास तोंड लावूं लागतें. आणि मादी चारपांच महिन्यांची झाली न झाली तोंच स्वतः आई होऊं शकते. अंगावर पिलें पीत असतांनाच पुन्हां गाभण राहूं शकते. निसर्गानें येथें काटकसर केलेली नाहीं.

आतां आमचा स्वतःचा अनुभव सांगतों. त्यांत भूषणावह असें कांहीं नाहीं. पुण्यांत आम्ही राहतों ती इमारत एका जुन्या वाड्याच्या जागेवर उभी आहे. कांहीं वर्षांपूर्वीं ज्येष्ठांत, वळवाची एक मोठी सर येऊन गेल्यावर, विजेच्या मीटरांच्या खोलींत मुलांना चार पिलें सांपडलीं. आई कोठें दिसेना. मुलें आमच्याकडे आलीं, कारण आमच्या घरीं पुस्तकें पुष्कळ, तेव्हां आम्हांस सर्व कळतें अशी त्यांची समजूत. ‘काका, तीं मरतील हो,’ असें एक लहान मुलगी म्हणाली, आणि आमचें अंतःकरण द्रवलें. आम्हीं पिलें टोपलींत घालून वर आणलीं, गाईचें दूध कोमट करून कापसाच्या बोळ्यानें त्यांच्या तोंडांत पिळलें, आणि एक सत्कृत्य हातून घडलें या समाधानांत झोंपीं गेलों. मध्यरात्रीं जिन्यांतून आवाज येऊं लागला. पिलें हरवलेल्या मांजरीचा तो आवाज ज्यानें ऐकला आहे त्यास वर्णन नको, आणि ज्यानें ऐकला नाहीं त्यास तें करून उपयोग नाहीं. ती शिकारीला गेली होती. परत आली तों जागा रिकामी. सकाळीं तळमजल्यावरच्या आजीबाई आम्हांस म्हणाल्या, ‘अहो, तिला सात घरें दाखवायचीं असतात पिलांना. तुम्हीं पहिल्याच घरांतून उचललींत.’ तोंवर एक पिलूं गेलें होतें. उरलेलीं तीन आम्हीं लगबगीनें खालीं नेऊन ठेवलीं. मांजरीनें त्यांतलें एक मानगुटीला धरून नेलें. थंडगार पडलेलीं दोन तिनें हुंगलीं आणि तशींच ठेवलीं. संध्याकाळपर्यंत तींही संपलीं.

गाईच्या दुधांत मांजरीच्या दुधाच्या मानानें मेद व प्रथिनें कमी, व त्यांतील शर्करा पिलाच्या कोंवळ्या आंतड्यास पचत नाहीं. गार पडलेल्या पिलाला आधीं ऊब द्यावयाची, मग अन्न, नाहीं तर पोटांतलें दूध पोटांतच नासतें. पिलाला मुलासारखें उताणें धरून पाजलें तर दूध फुप्फुसांत उतरतें. हें सर्व आम्हांस मागाहून कळलें. तथापि आमच्या मनाला लागून राहिलें तें हें अज्ञान नव्हे. अज्ञान क्षम्य असतें. लागून राहिलें तें आमचें त्या रात्रीचें समाधान. त्या समाधानाचा पिलांच्या सुखदुःखाशीं कांहींएक संबंध नव्हता. लहान मुलीच्या डोळ्यांतलें पाणी आम्हांस पाहवलें नाहीं. तें थांबविण्याचा जवळचा मार्ग आम्हीं पत्करला. आणि त्यास भूतदया असें नांव दिलें. खरी भूतदया त्या वेळीं काय होती? जिन्याच्या पायरीवर कांहीं तास स्वस्थ बसून आई येते कीं नाहीं हें पाहणें. पण स्वस्थ बसण्याला दयेची कळा नाहीं. तें पाहणाऱ्यास निष्ठुरपणासारखें दिसतें. मनूनें बैडालव्रतिक म्हणून ज्या दांभिकांची निंदा केली आहे ते जाणूनबुजून ढोंग करतात. आमचें ढोंग आम्हांसच ठाऊक नव्हतें, एवढाच काय तो भेद.

सात घरांची ती समजूत महाराष्ट्रांत घरोघर आहे. मांजर आपलीं पिलें एका जागीं ठेवीत नाहीं. आज माळ्यावर, उद्यां शेजारच्या लाकडांच्या वखारींत, परवां पलीकडच्या गच्चीवर, असें तीं फिरवते. सात हा आंकडा अर्थात् आपला लोकांचा. परंतु त्याच्या मुळाशीं असलेलें निरीक्षण खरें आहे. एका जागीं वास साचला, कोणीं वारंवार डोकावलें, बोक्याला सुगावा लागला, पाणी शिरलें, कीं ती जागा बदलते. तिला कोणतेंही एक घर आपलें नाहीं, म्हणून ती सातांवर थोडथोडा विश्वास टाकते. या लोकसमजुतींतच आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे असें आम्हांस वाटतें. कारण ज्या जीवाचा आसरा सात घरांत वांटलेला आहे त्याची जबाबदारी एकाच घरावर कशी पडावी, आणि सातही घरांनीं ती झटकली तर तें झटकणें कोणाच्या खातीं मांडावें?

मांजराच्या पिलानें आपल्या तत्त्वज्ञानांत फार पूर्वींच प्रवेश केलेला आहे, हें येथें स्मरतें. श्रीवैष्णवांमध्यें वडकलै व तेंकलै असे दोन पंथ पडले. त्यांच्या वादाचें एक मुख्य स्थान असें कीं, ईश्वरकृपेला जीवाच्या स्वतःच्या यत्नाची जोड लागते कीं नाहीं. पहिला पक्ष म्हणतो, वानरीचें पोर आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगतें, तेव्हां ती त्याला घेऊन उडी मारते, हा मर्कटकिशोरन्याय. दुसरा म्हणतो, मांजराचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्याला उचलून नेते, हा मार्जारकिशोरन्याय. तेंकलै आचार्यांनीं शरणागतीसाठीं याहून असहाय प्राणी शोधून काढला नसता. मात्र या दृष्टांतांत एक गोष्ट गृहीत आहे, ती ही कीं, उचलणारीला कोठें न्यावयाचें हें ठाऊक आहे. आम्हीं उचललें तेव्हां आम्हांस तें ठाऊक नव्हतें. असहायाला उचलण्याचा अधिकार केवळ आपण समर्थ आहों एवढ्यानें येत नाहीं. आणि ज्याला कृपा करावयाची हौस आहे त्याच्या हातीं असहाय जीव सांपडणें यासारखें संकट नाहीं. मनुष्यांच्या बाबतींतही याचे दाखले देतां येतील, पण विषयांतर होईल.

असो. कांहीं देणें आहे, हें प्रथम ठरलें पाहिजे. जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट याच्या मतें जनावरांविषयीं आपलें साक्षात् असें कर्तव्य नाहीं; जो जनावरांशीं क्रूरपणें वागतो त्याचें मन माणसांविषयींही कठोर होतें, म्हणून क्रौर्य टाळावयाचें. बेन्थम यानें 1789 सालच्या आपल्या ग्रंथांत हा प्रश्न दुसऱ्या टोंकाकडून घेतला: त्यांना विचार करतां येतो काय हें पाहूं नका, त्यांना दुःख होतें काय तें पाहा. आमचा ओढा बेन्थमकडे आहे. परंतु मांजराच्या बाबतींत या दोघांच्याही पुढें जाऊन बोलण्यास जागा आहे. रानांतल्या वाघाचें बछडें उपाशीं मेलें तर आपण हळहळतों, पण अपराधी ठरत नाहीं. मांजर रानांतलें नव्हे. सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं पश्चिम आशियांत माणूस धान्य सांठवूं लागला, धान्याला उंदीर लागले, आणि उंदरांमागून तेथील रानमांजर वस्तींत आलें. सायप्रस बेटांत सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका दफनांत माणसाशेजारीं पुरलेलें मांजर सांपडलें आहे. कुत्र्यागाईंप्रमाणें माणसानें त्याला मुद्दाम धरून आणलें नाहीं. दोघे एकमेकांच्या सोयीनें शेजारीं झाले. करारपत्र कोठें लिहिलें गेलें नाहीं, पण लाभ मात्र दोन्ही बाजूंनीं झाला आहे. आमच्या प्रांतापुरतें बोलावयाचें तर 1896 पासून प्लेगानें मुंबई इलाखा उजाड केला, आणि तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हें पुढें उमजलें, तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडांत काम केलेल्या बुकॅनन नांवाच्या एका सरकारी डॉक्टरानें, ज्या गांवांत मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी, असें प्रतिपादन करून मांजरें पाळण्याचा पुरस्कार केला होता. त्याचा लेख 1908 सालीं विलायतेंतील वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. ज्याच्याकडून चाकरी घेतली, वा निदान घेऊं इच्छिली, त्याच्या पोराबाळांविषयीं आपण अगदींच परके आहों असें म्हणण्यास तोंड राहत नाहीं. आपल्या धर्मसमजुतींनींही हें ओळखलेलें दिसतें. मांजर मेलें तर सोन्याचें मांजर करून काशीस दान द्यावें असें वृद्ध मंडळी सांगत. आणि बाळाच्या जन्मानंतर जिची पूजा होते त्या षष्ठीचें, म्हणजे आपल्या सटवाईचें, वाहन मांजरच आहे.

देणें आहे असें मानलें, तरी तें कसें फेडावयाचें येथें आपली परंपरा आपणांस थोडी चकविते. नामदेव तुपाची वाटी घेऊन भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें धांवले. एकनाथांनीं रामेश्वरासाठीं आणलेल्या गंगेच्या कावडींतलें पाणी तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडांत घातलें. चक्रधरांनीं आश्रयास आलेल्या सशाला पारध्यांपासून राखलें. या कथा आम्हांस प्राणांहून प्रिय आहेत. पण त्या सर्व एका क्षणाच्या आहेत. गाढव पाणी प्यालें आणि उठून गेलें. कथा तेथें पूर्ण झाली. आई नसलेल्या आठ दिवसांच्या पिलाची कथा तशी पूर्ण होत नाहीं. त्याला दर दोनतीन तासांनीं, रात्रींही, पशुवैद्याकडून आणलेलें योग्य दूध पालथें धरून पाजावें लागतें. फडक्यांत गुंडाळलेली ऊनपाण्याची बाटली पुन्हां पुन्हां भरावी लागते. ओल्या कापसानें पुसून आईच्या जिभेचें काम करावें लागतें. आणि हें एकदोन दिवस नव्हे, तीनचार आठवडे. संतांनीं हेंही केलें असतें यांत शंका नाहीं. आमच्यासारख्या सामान्यांच्या दयेला मात्र क्षणाची झेप घेतां येते, आठवड्यांचा पल्ला झेंपत नाहीं. म्हणूनच एकट्याची दया येथें अपुरी पडते, व पाळीपाळीनें वांटून घेतलेल्या कामाची आवश्यकता उत्पन्न होते.

हाच मुद्दा निराळ्या संदर्भांत महात्मा गांधींनीं 1926 सालीं मांडला होता. अहमदाबादेंतील एका गिरणीमालकानें आपल्या आवारांतील साठांवर भटकीं कुत्रीं मारविलीं, व गांधींनीं त्यास अपरिहार्य म्हटलें. अहिंसेच्या आचार्यानें असें म्हणावें याचा गुजराथेंत मोठा गहजब झाला, आणि ‘यंग इंडिया’ पत्रांत त्यांस लेखांमागून लेख लिहावे लागले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, भटकें जनावर हें समाजाच्या दयेचें नव्हे तर त्याच्या बेपर्वाईचें चिन्ह आहे. वाटेवरच्या कुत्र्याला तुकडा टाकून पुढें जाणारा पुण्य करीत नाहीं. ज्याला दया करावयाची त्यानें त्या जनावराचा पूर्ण भार घ्यावा, अगर तसा भार घेणाऱ्या संस्थेस साह्य करावें. या विचारांतला पूर्वार्ध आम्हांस निरुत्तर करतो. जो रोज दूध ठेवतो पण मांजरी गाभण राहिली कीं मान फिरवितो, तो पुढच्या चार मरणांचा भागीदार आहे. उत्तरार्धाविषयीं मात्र आमचें मन कचरतें. मारणें अपरिहार्य म्हणण्यापूर्वीं दुसरा उपाय नाहीं हें सिद्ध झालें पाहिजे, आणि त्या काळीं जो उपाय रस्त्यावरच्या जनावरांसाठीं कोणाच्या ध्यानींमनीं नव्हता तो आज हाताशीं आहे. मुंबईंत तर याच्याही जवळजवळ शंभर वर्षें आधीं, 1832 सालीं, मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून पारशी मंडळींनीं दंगा केला होता. त्यानंतर दोन वर्षांनीं जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनीं तेथें पांजरपोळ काढली. मारणें किंवा कोंडणें, असे दोनच मार्ग तेव्हां दिसत होते.

तिसरा मार्ग म्हणजे मांजरें पिंजऱ्यानें धरावीं, शस्त्रक्रियेनें त्यांची प्रजननशक्ति बंद करावी, ओळखीसाठीं कानाचें टोंक किंचित् कापावें, व जेथून आणलीं तेथेंच परत सोडावीं. इटलीनें 1991 सालीं कायदा करून वस्त्यांवस्त्यांतील मुक्त मांजरांना असेंच संरक्षण दिलें आहे. आपल्याकडेही प्राणिसेवी मंडळें व कांहीं पशुवैद्य हें काम करतात. यावर आक्षेप येतो तो विचार करण्याजोगा आहे. मातृत्व हा जीवाचा निसर्गदत्त अधिकार, तो दया म्हणून हिरावून घेणें ही कोणती दया? आम्हांसही पूर्वीं असेंच वाटत असे. त्याला उत्तर तत्त्वज्ञानांत नसून एका हिशेबांत आहे. अमेरिकेंत उत्तर कॅरोलिना संस्थानांत कांहीं पशुवैद्यांनीं मोकाट मांजरींच्या 169 पिलांवर नजर ठेवली, व 2004 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: 127 पिलें सहा महिन्यांच्या आंत मेलीं किंवा नाहींशीं झालीं. चारांत तीन. आम्ही मीटरांच्या खोलींत गमावलीं तींही, आमच्या दुर्दैवानें, नेमकीं चारांतलीं तीन होतीं. म्हणजे आमच्या अडाणी दयेनें जें केलें तें रस्ता एरवींही करीतच असतो. एका जोडीपासून सात वर्षांत लाखों मांजरें होतात असे जे आंकडे उत्साही लोक सांगतात ते आम्हांस पटत नाहींत. तितकीं होत नाहींत, कारण तितकीं मरतात. आणि खरी खंत त्या मरणाची आहे. ज्या अधिकाराचें फळ चारांत तीन वेळां मोटारीखालीं, गटारांत किंवा कुत्र्याच्या तोंडीं जातें, त्या अधिकाराचें रक्षण आपण कोणाच्या कल्याणासाठीं करीत आहों?

तरीही एक गांठ सुटत नाहीं, ती लपवूं नये. धरून आणलेली मांजरी गाभण निघाली तर वैद्य विचारतो, करूं कीं थांबूं? केली तर पोटांतले जीव जातात. थांबलें तर ती पुन्हां हातीं लागेलच असें नाहीं, आणि बाहेर पडलेल्या चारपांच पिलांना घर मिळालें तर आधीं जन्मून वाट पाहणाऱ्या दुसऱ्या पिलांचें घर जातें. आमच्या मंडळींत एक बाई अशा मांजरीला स्वतःच्या न्हाणीघरांत ठेवून घेतात, पिलें होऊं देतात, दोन महिन्यांनीं पिलांना घरें पाहतात व मग आईवर शस्त्रक्रिया करवितात. ज्याला हें शक्य आहे त्यानें करावें. ज्याला नाहीं त्यानें वैद्याच्या सल्ल्यानें दुसरा मार्ग घ्यावा, पण घेतांना त्यास पुण्य म्हणूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आमच्यावर हा प्रसंग एकदां आला. आम्हीं करा म्हणून सांगितलें, आणि घरीं येऊन कोणाशीं बोललों नाहीं.

दयेच्या वहींत दुसरेंही एक पान असतें. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. पिलूं वांचविलें म्हणजे पुढें त्यानें मारलेल्या चिमण्या, बुलबुल व सरडेही आपल्या खातीं येतात. अमेरिकेंतल्या संशोधकांनीं 2013 सालीं काढलेल्या अंदाजाप्रमाणें तेथें मांजरें दरसाल 130 कोटींपासून 400 कोटींपर्यंत पक्षी मारतात, व त्यांतील बहुतेक संहार मालक नसलेल्या मांजरांचा. म्हणून मांजरांचा कळवळा असणारानेंच त्यांची संख्या आटोक्यांत ठेवण्यास पुढें आलें पाहिजे. शेजारचा पक्षिप्रेमी हा त्याचा शत्रु नव्हे. तळें, गवताळ रान, पक्ष्यांचीं घरटीं असलेली टेकडी, अशा ठिकाणीं मांजरांना खाणें घालण्याचा प्रघात तर आम्हांस सर्वथा त्याज्य वाटतो.

आतां इमारतीची सभा. मांजराच्या गळ्यांत घंटा कोणीं बांधावयाची हा उंदरांच्या सभेपुढचा प्रश्न आमच्या सभेपुढें अक्षरशः आला. एका गृहस्थांनीं सर्व मांजरें टेम्पोंत घालून शहराबाहेर सोडावीं असा ठराव आणला. पाळलेलें जनावर वाऱ्यावर सोडणें हा 1960 च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि प्राणिमात्राविषयीं दया हें राज्यघटनेंत 1976 सालीं घातलेल्या मूलभूत कर्तव्यांपैकीं एक आहे, असें आम्हीं म्हणतांच ते म्हणाले, ‘अहो, पण हीं पाळलेलीं कोठें आहेत?’ त्यावर आम्हांस लगेच उत्तर सुचलें नाहीं. त्यांना गप्प केलें तें तळमजल्यावरच्या आजीबाईंनीं. त्या म्हणाल्या, ‘वाड्यांत होतीं, आतां इमारतींत आहेत. हीं नेलींत तर दुसरीं येतील. खरकटें तर तुमच्याच डब्याचें आहे ना?’ जागा व अन्न आहे तोंवर गेलेल्यांची जागा नवीं मांजरें घेतात, हें शास्त्रज्ञ सांगतात तेंच त्यांनीं आपल्या भाषेंत सांगितलें. शेवटीं भांडतभांडत कांहीं गोष्टी ठरल्या. खाणें एकाच जागीं, ठराविक वेळीं, आणि उरलेलें अर्ध्या तासांत उचलावयाचें. दरमहा प्रत्येक घरानें थोडी रक्कम द्यावयाची व ती केवळ शस्त्रक्रियांसाठीं. पिलें दिसलीं तर कोणीं हात लावावयाचा नाहीं. सभोंवार कणकेची बारीक रेघ ओढून लांब बसावयाचें, आणि चारपांच तासांनीं रेघेवर पावलें उमटलीं कीं नाहीं तें पाहावयाचें. पावलें उमटलीं तर आई येऊन गेली. मग आईलाच चांगलें खाऊं घालावें, म्हणजे ती पिलांचें पाहते. नाहीं उमटलीं, अगर पिलें गार पडून ओरडत असलीं, तरच उचलावयाचीं. पिलें दोन ते सात आठवड्यांचीं असतांना माणसांच्या हातांत खेळलीं तर माणसाळतात, म्हणून तें काम मुलांकडे, अर्थात् हात धुऊन. पिलें तुटलीं कीं आईचा नंबर आधीं, नाहीं तर ती पुन्हां गाभण राहते. हा सर्व उद्योग पाहून आमची पहिली वर्गणी सात घरांची आली. आंकडा खरोखर सातच होता, आम्हीं जुळवून आणलेला नाहीं. इमारतींत घरें चोवीस आहेत.

पहिल्या दोन वर्षांत अकरा मांजरांवर शस्त्रक्रिया झाल्या. एक मांजरी मात्र अजून सांपडली नाहीं. पिंजऱ्यांतला बोंबील ती दाराबाहेरून पंजानें ओढून खाते आणि निघून जाते. मुलांनीं तिचें नांव पेशवीण ठेवलें आहे. गेल्या ज्येष्ठांत तिनें मीटरांच्या खोलींतच तीन पिलें घातलीं. टेम्पोचा ठराव आणणारे गृहस्थ वर्गणी देत नाहींत, आजही देत नाहींत. खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते. त्या पंधरवड्यांत खोलीचें दार रोज रात्रीं वीतभर उघडें राहत असे, आणि त्याला आंतून एक वीट लावलेली असे. ती कोणीं लावली हें आम्हीं विचारलें नाहीं. सोळाव्या दिवशीं सकाळीं कणकेच्या रेघेवर बाहेर जाणाऱ्या पावलांच्या तीन रांगा होत्या, आणि खोली रिकामी होती.